विश्लेषण : चालीचे माप, चेहऱ्याचे माप... भिवंडीच्या कामगाराचे शरीर कोणत्या तक्त्यात बसते?

माणूस कसा चालतो, किती वाकतो, त्याचा चेहरा किती रुंद आहे, हे अंशांत आणि मिलिमीटरमध्ये मोजणारे शास्त्र आता प्रयोगशाळेतून मोबाइलपर्यंत आले आहे. शस्त्रक्रियेपासून साध्या मास्कपर्यंत अनेक निर्णय या मापांवर ठरतात. पण ही मापे मुळात कोणाच्या शरीरावरून घेतली गेली आणि यंत्रमाग कामगाराला त्यांचा उपयोग किती, याचा हा आढावा.

भिवंडी : शांतीनगर, पद्मानगर किंवा नारपोलीच्या गल्लीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट आधी ऐकू येतो, कारखाना नंतर दिसतो. आत एकच कारागीर चार-सहा माग सांभाळत असतो. धागा तुटला की मागावर ओणवे होऊन गाठ मारायची, धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि लगेच पुढच्या मागाकडे वळायचे. अनेक कारखान्यांत पाळी बारा तासांची. आवाज एवढा की दोन मागांवरच्या माणसांचे बोलणे हातवारे आणि ओठांच्या हालचालींवरच चालते.

काही वर्षांनी यातलाच एखादा कारागीर कंबर, गुडघा किंवा खांद्याचे दुखणे घेऊन दवाखान्यात येतो. कधीपासून दुखते, नेमके कोणत्या हालचालीत दुखते, या प्रश्नांवर त्याचे उत्तर बहुधा मोघम असते. एक्स-रेमध्ये हाड दिसते; पण दिवसभरात तो किती वेळा आणि किती वाकला, कोणत्या पायावर जास्त भार टाकला, हे त्यात दिसत नाही. गोळी मिळते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मागावर उभा राहतो. मोघम तक्रारीला आकड्यांत आणण्याचे काम शरीराच्या हालचाली मोजणारे शास्त्र करते.

चाल मोजतात म्हणजे नेमके काय करतात?

टाच जमिनीला टेकल्यापासून त्याच पायाची टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळाला एक चालचक्र म्हणतात. निरोगी माणूस नेहमीच्या वेगाने चालत असेल तर या चक्राचा सुमारे ६० टक्के काळ तो पाय जमिनीवर असतो आणि सुमारे ४० टक्के काळ हवेत. एक पाय दुखत असेल तर माणूस नकळत त्या पायावर कमी वेळ थांबतो. लंगडणे ते हेच. फक्त सुरुवातीला ते डोळ्यांना दिसत नाही.

चालीच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या कंबरेवर, मांडीवर, गुडघ्यावर आणि घोट्यावर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोल मार्कर चिकटवतात. भोवती साधारण आठ ते बारा इन्फ्रारेड कॅमेरे असतात आणि ते सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक चित्रे टिपतात. एका कॅमेऱ्याला मार्कर फक्त ठिपक्यासारखा दिसतो. तोच ठिपका दुसऱ्या कॅमेऱ्याने वेगळ्या कोनातून पाहिला की त्याची खोलीतली नेमकी जागा काढता येते. दोन डोळ्यांमुळे आपल्याला अंतर कळते, त्यातलाच हा प्रकार.

जमिनीत बलमापक पट्टी बसवलेली असते. पाय जमिनीला जेवढ्या जोराने दाबतो, तेवढ्याच जोराने जमीन पायाला उलट ढकलते, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळेच शिकतात. पट्टी हेच बल मोजते. सांध्यांची जागा आणि जमिनीचे बल हाती आले की गुडघ्यावर, खुब्यावर किती ताण येतो, याचे गणित मांडता येते. गरज असेल तर त्वचेवर इलेक्ट्रोड लावून कोणता स्नायू केव्हा आखडतो, तेही नोंदवतात.

शेवटी डॉक्टरांच्या हातात आलेख येतो. प्रत्येक सांध्यासाठी मागे एक राखाडी पट्टा असतो, तो निरोगी लोकांचा. त्यावरून रुग्णाची रेघ जाते. रेघ पट्ट्याच्या बाहेर कुठे पडते, यावरून दोष ओळखतात. हा राखाडी पट्टा लक्षात ठेवावा, कारण पुढचा बराचसा प्रश्न त्याच्याभोवतीच आहे.

याचा उपचारात उपयोग काय?

सर्वांत जुना आणि ठोस उपयोग सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी आहे. मूल चवड्यांवर चालते, तेव्हा दोष पोटरीच्या स्नायूत आहे, मांडीच्या मागच्या स्नायूत आहे की खुब्यात, हे नुसते बघून सांगणे अवघड असते. चुकीचा स्नायू सैल केला तर चाल आणखी बिघडू शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी चालीचे मोजमाप करून नेमके काय दुरुस्त करायचे ते ठरवतात आणि नंतर पुन्हा मोजून सुधारणा तपासतात. पार्किन्सनच्या रुग्णात औषधाचा परिणाम बघायला, कृत्रिम पाय नीट जुळला का हे तपासायला, सांधेबदलानंतर प्रगती जोखायलाही हीच मापे लागतात.

क्रिकेटप्रेमींना हे तंत्र वेगळ्या कारणाने माहीत असते. गोलंदाजाचा कोपर चेंडू टाकताना १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होतो का, हे याच पद्धतीने ठरवतात. त्यासाठी आयसीसीची मान्यता मिळालेले केंद्र चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत आहे.

या शास्त्राची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. फ्रान्समध्ये एतिएन-ज्युल मारे यांनी १८८० च्या दशकात एकाच काचेवर हालचालीची लागोपाठ चित्रे टिपली. जर्मनीत १८९० च्या दशकात विल्हेल्म ब्राउन आणि ओटो फिशर यांनी शरीरावर प्रकाशनळ्या बांधून चालीचे त्रिमितीय गणित मांडले. काही पावलांचे ते गणित हाताने सोडवायला महिनोन्महिने लागत. संगणक आल्यावर तेच काम मिनिटांत होऊ लागले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था अशा रुग्णांसाठी काम करणारी देशातली जुनी सरकारी संस्था आहे.

चेहरा कशासाठी मोजायचा?

नाकाचे मूळ, नाकाचे टोक, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, हनुवटीचा तळ अशा चेहऱ्यावरच्या ठरावीक खुणांमधली अंतरे पूर्वी कॅलिपरने घेत. कॅनडातील डॉक्टर लेस्ली फारकस यांच्या १९८१ मधील पुस्तकाने या मापांना शिस्त लावली. आता अनेक कॅमेरे एकाच क्षणी छायाचित्रे घेतात आणि संगणक त्यातून चेहऱ्याचा त्रिमितीय आकार उभा करतो. तान्हे बाळ कॅलिपर लावू देत नाही, पण क्षणभराच्या छायाचित्राला त्याची हरकत नसते.

दुभंगलेला ओठ आणि टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही बाजू किती जुळल्या, अर्धांगवायूने किंवा मज्जातंतूच्या इजेने वाकडा झालेला चेहरा किती सुधारला, हे या मापांतून कळते. काही जनुकीय आजारांत डोळ्यांमधले अंतर, कानांची जागा, वरच्या ओठाचा आकार यांत ठरावीक फरक पडतात, त्यामुळे निदानाची पहिली दिशा चेहऱ्यावरून मिळू शकते. खात्री मात्र जनुकीय चाचणीनेच होते.

भिवंडीसाठी सर्वांत जवळचा उपयोग मास्कचा आहे. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे ओळखीचे लक्षण. त्याचा धोका सूतगिरणीत जास्त असतो, पण विणकामाच्या जागीही तंतू आणि धूळ असतेच. यावर सांगितला जाणारा एक उपाय म्हणजे मास्क. मात्र ९५ टक्के बारीक कण अडवणारा मास्कही नाकाच्या बाजूला फट राहिली तर निरुपयोगी ठरतो. हवा कापडातून गाळून येण्याऐवजी फटीतून आत येते, कारण तो रस्ता सोपा असतो.

फट राहील की नाही, हे चेहऱ्याची लांबी आणि रुंदी ठरवते. अमेरिकेत मास्कच्या चाचणीसाठी वापरली जाणारी जुनी मापे १९६० च्या दशकातील हवाई दलाच्या जवानांवरून घेतलेली होती. ती कामगारांना लागू पडत नाहीत, हे ध्यानात आल्यावर तिथल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने २००३ मध्ये ३,९९७ जणांचे चेहरे नव्याने मोजले. त्यानंतर चीनने स्वतःच्या ३,००० कामगारांचे चेहरे मोजले. ते अमेरिकी चेहऱ्यांच्या तुलनेत आखूड आणि रुंद निघाले, म्हणून तिथे वेगळा तक्ता करावा लागला. भारतात मास्कसाठी आयएस ९४७३ हे मानक आहे. पण मास्क मानकाचा असणे आणि तो समोरच्या कारागिराच्या चेहऱ्यावर, दाढीवर घट्ट बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट प्रत्येकाला मास्क घालायला लावून तपासावी लागते.

माप बरोबर, तरी निष्कर्ष चुकतो तो का?

यंत्र बरोबर मोजते. चूक होते ती तुलनेत. याचे बोलके उदाहरण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. चेहऱ्यावरून जनुकीय आजार सुचवणाऱ्या एका सॉफ्टवेअरने बेल्जियममधील मुलांत डाऊन सिंड्रोम सुमारे ८० टक्के वेळा ओळखला. काँगोतील मुलांत हेच प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते. मग त्याच सॉफ्टवेअरला आफ्रिकी मुलांची छायाचित्रे दाखवून शिकवण्यात आले आणि काँगोतील मुलांत प्रमाण ९४ टक्क्यांच्या वर गेले. शिकताना ते चेहरे त्याने पाहिलेच नव्हते, एवढाच दोष होता.

चालीतही असेच घडते. वृद्धांमध्ये स्नायूंची झीज तपासताना चालण्याचा वेग पाहतात. युरोपीय तज्ज्ञगटाच्या निकषात सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी वेग म्हणजे धोक्याची खूण. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ही रेषा १ मीटरवर आणली. म्हणजे सेकंदाला ०.९ मीटर चालणारे आजोबा एका तक्त्यात ठीक आहेत आणि दुसऱ्यात तपासणीस पात्र. माणूस तोच, चालही तीच.

काही हालचाली तर पाश्चात्त्य तक्त्यात फारशा नसतातच. सपाट जमिनीवर चालताना गुडघा जास्तीत जास्त ६० अंशांच्या आसपास दुमडतो. उकिडवे बसायला मात्र १३० अंशांहून अधिक दुमडावा लागतो. जमिनीवर मांडी घालून जेवणारा, उकिडवा बसून शौचाला जाणारा, नमाजासाठी गुडघ्यांवर बसणारा माणूस दिवसातून कितीदा तरी या टोकाला जातो. 'चालताना गुडघा ठीक आहे' एवढ्या अहवालाने त्याचे काम भागत नाही.

ही गोष्ट आपल्याकडे यंत्रे येण्याआधीच एका कारागिराने ओळखली होती. परदेशी पद्धतीच्या कृत्रिम पायाने उकिडवे बसता येत नव्हते आणि बूट घातल्याशिवाय चालता येत नव्हते. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय घडवला, की तो लावून अनवाणी शेतात जाता येईल आणि मांडी घालून बसता येईल. जयपूर फूट जगभर गेला तो आधी वापरणाऱ्याचे जगणे पाहून मग मापे घेतल्यामुळे.

मग यंत्रमाग आणि गोदामातल्या शरीराचे काय?

भिवंडी-निजामपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक होती. शहर कापडावर उभे आहे आणि मुंबई-नाशिक महामार्गालगत मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या पट्ट्यात गोदामांचे दुसरे शहर वाढले आहे. इथला कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणापासून ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांपर्यंत सगळीकडून येतो. एकाच छताखाली उंची, हातापायांची लांबी आणि चेहऱ्यांची इतकी विविधता आहे की कोणताही एक 'सरासरी' तक्ता इथे अपुरा पडेल.

काम करताना शरीराची ठेवण जोखण्याची साधी पद्धत कागद-पेन्सिलीचीच आहे. १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या 'रुला' या पद्धतीत मान, पाठ, खांदा, मनगट यांच्या कोनांवरून १ ते ७ गुण देतात; ७ म्हणजे कामाची पद्धत ताबडतोब बदला. तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांचाही ही पद्धत घडवताना विचार झाला होता, त्यामुळे कापड उद्योगाला ती परकी नाही. उचलण्याच्या कामासाठी अमेरिकी सूत्र अगदी आदर्श स्थितीत २३ किलोची मर्यादा सांगते. वजन शरीरापासून दूर असेल, जमिनीवरून उचलायचे असेल किंवा कंबर वळवायची असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. गोदामात ५० किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या हमालाला हे सूत्र सांगितले तर तो हसेल. महाराष्ट्राने माथाडी आणि हमालांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यामागच्या लढ्यात अण्णासाहेब पाटील यांचे नाव अग्रभागी होते. त्या कायद्याने मजुरी आणि कल्याणाची व्यवस्था केली, पण पाठीच्या मणक्यावर किती ताण येतो, हे मोजण्याचे काम वेगळेच राहिले.

देशात मापे घेण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा संग्रह १९९७ मध्ये आला आणि आजही तो डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या हातात असतो. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांच्या 'इंडियासाइज' प्रकल्पात मुंबईसह प्रमुख शहरांतल्या २५ हजारांहून अधिक लोकांचे त्रिमितीय स्कॅन घेण्याचे लक्ष्य ठेवले गेले. त्यातून भारतीय कपड्यांचे माप ठरेल. ज्या शहरात कापड विणले जाते, तिथे मागाची उंची मात्र विणणाऱ्याच्या उंचीवरून ठरत नाही. माग आहे तसा असतो. वाकायचे ते माणसाने.

मोबाइलने खरेच हे काम होईल का?

मार्कर आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यांची प्रयोगशाळा उभारायला मोठा खर्च येतो, प्रशिक्षित माणसे लागतात आणि रुग्णाला तिथपर्यंत जावे लागते. बारा तासांच्या पाळीतल्या माणसाला एका तपासणीसाठी मुंबईला जायचे म्हणजे दिवसाचा रोजगार सोडावा लागतो. म्हणून साध्या व्हिडीओवरून हालचाल मोजण्याच्या तंत्राकडे आशेने पाहिले जाते. गुगलचे मीडियापाइप हे मोफत साधन व्हिडीओतून शरीरावरचे ३३ आणि चेहऱ्यावरचे ४६८ बिंदू शोधते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये मांडलेली 'ओपनकॅप' ही पद्धत दोन आयफोनच्या चित्रीकरणावरून सांध्यांचे कोन काढते.

या पद्धतीत कोनांची सरासरी चूक साडेचार अंशांच्या आसपास आढळली. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. कामगार ६० अंश वाकतो की २०, हे मोबाइल चांगले सांगेल. उपचारानंतर गुडघा तीन अंशांनी सुधारला का, हे त्याला विचारू नये. शिवाय प्रयोगशाळेतला प्रकाश आणि मोकळी जागा कारखान्यात नसते. दोन मागांमधल्या अरुंद वाटेत अर्धे शरीर यंत्राआड जाते, लुंगीत किंवा साडीत गुडघा झाकला जातो आणि मग संगणक मोजत नाही, अंदाज बांधतो. पडद्यावर मात्र मोजलेला आणि अंदाजे आकडा सारखाच दिसतो. म्हणून अशी साधने दवाखान्यात वापरण्याआधी ती ज्या कपड्यांत, ज्या उजेडात वापरायची, तिथेच तपासून घ्यावी लागतात.

मोजमापाचा जुना इतिहास का आठवावा?

भारतात चेहरे मोजण्याची सुरुवात रुग्णांसाठी झाली नव्हती. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढून जातींची उतरंड लावली. नाक जितके रुंद, तितके सामाजिक स्थान खालचे, असा त्यांचा दावा होता. हेच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. नाकाच्या आकाराचा संबंध हवेतील उष्णता आणि आर्द्रतेशीही असतो, हे पुढच्या संशोधनाने दाखवले. रिस्ले यांच्या कॅलिपरचे आकडे चुकले नसतीलही. निष्कर्ष मात्र आधीच ठरलेला होता.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्राच्या घरातलेच आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनासाठी गेल्या. कवटीच्या दोन बाजूंमधील फरकाचा वंशाशी संबंध आहे आणि त्यात युरोपीय वरचढ आहेत, अशी फिशर यांची धारणा होती. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात मांडले. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, तेही त्या काळच्या जर्मनीत. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून त्यांनी महाराष्ट्रातल्या समाजांची शरीरमापे घेतली, वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीतले पोटगटही एकमेकांपासून बरेच वेगळे असू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. कॅलिपर दोघांच्याही हातात होता. कर्वे आकड्यांना उत्तर ठरवू देत होत्या.

चेहरा दिला, पुढे त्याचे काय होते?

रक्ताच्या नमुन्यावरचे नाव काढून टाकता येते. चेहऱ्याच्या स्कॅनचे तसे नाही. नाव काढले तरी चेहरा ओळखता येतो. डोळ्यांवर काळी पट्टी लावणे पुरेसे नसते आणि चालीवरूनही माणूस ओळखता येऊ शकतो. आधार प्रमाणीकरणात चेहरा वापरतात तो ओळख पटवण्यासाठी. वैद्यकीय संशोधनात तो वापरतात आकार समजून घेण्यासाठी. हेतू वेगळे असले तरी माहिती एकाच प्रकारची आहे, त्यामुळे ती एका कामासाठी घेऊन दुसऱ्यासाठी वापरली जाण्याचा धोका असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाला नैतिक समितीची मंजुरी आणि सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक आहे. वैद्यकीय क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी परिषदेने २०२३ मध्ये स्वतंत्र तत्त्वे दिली. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. पण त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, या अटींवर.

'विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय' ही अट भिवंडीत महत्त्वाची ठरते. मोजमापात एखाद्या कारागिराचा गुडघा खराब निघाला आणि ती माहिती मालकाकडे किंवा ठेकेदाराकडे गेली, तर मागाची रचना बदलण्याऐवजी माणूसच बदलला जाण्याची भीती असते. बहुतेकांना दर महिन्याचा लेखी करारही नसतो, तिथे तक्रार कुठे करणार? म्हणूनच मालक शेजारी उभा असताना घेतलेली सही ही खरी संमती मानता येत नाही. फक्त मराठी किंवा इंग्रजी अर्ज पुढे करूनही भागत नाही. या शहरात हिंदी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी बोलणाऱ्यांना तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो.

सहभागी होण्यापूर्वी काय विचारावे?

एखादे महाविद्यालय, रुग्णालय किंवा कंपनी शिबिर लावून चाल किंवा चेहरा मोजायला आली, तर हे प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे :

* या अभ्यासाला नैतिक समितीची मंजुरी आहे का आणि तिचा संपर्क अर्जावर दिला आहे का?
* व्हिडीओ आणि चेहऱ्याचे स्कॅन कुठे, किती काळ ठेवणार? दुसऱ्या कंपनीला देणार का?
* माझा अहवाल मला मिळेल का? मालकाला किंवा ठेकेदाराला तो दिसेल का?
* नंतर मन बदलले तर नाव मागे घेता येईल का? घेतल्यास उपचारावर परिणाम होणार नाही ना?
* दोष आढळला तर पुढच्या तपासणीसाठी कुठे पाठवणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत साधा, पण बहुतेक वेळा राहून जाणारा. गुडघ्याचा कोन सांगून मोजणारे निघून गेले आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीची वेळच मिळाली नाही, तर त्या कोनाचा कामगाराला काही उपयोग नाही.

थोडक्यात

चाल आणि चेहरा मोजण्याचे तंत्र आता स्वस्त होत आहे. त्यामुळे अचूक उपचार, नीट बसणारा मास्क, कमी वाकायला लावणारा माग आणि सोसेल एवढेच ओझे, या गोष्टी मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयापुरत्या राहण्याचे कारण उरलेले नाही. त्यासाठी आलेखातल्या त्या राखाडी पट्ट्यात यंत्रमागावर उभा राहणारा, गोदामात गोणी उचलणारा आणि घरी जमिनीवर मांडी घालून बसणारा माणूसही मोजला गेला पाहिजे. तो मोजताना त्याला विचारले पाहिजे आणि मोजून झाल्यावर निघालेले उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. तोवर दवाखान्यात आलेल्या कारागिराची रेघ दुसऱ्याच कोणाच्या तरी पट्ट्यावर काढली जाईल.